चादरीखालची पिशवी

माझ्या मुलाच्या लघवीचं छिद्र जन्मापासून टोकाला नव्हतं, खाली होतं. त्याला बसूनच जावं लागे. मोठा झाला की बघू, असं म्हणत मी अकरा वर्षं काढली. शाळेत पोरं चिडवायला लागली तेव्हा कुठे हललो. अमरावतीत डॉक्टरांची वाण नाही, तरी ऑपरेशनला अकोला गाठलं. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून.

डॉक्टर म्हणाले, "तान्ह्या बाळाची नळी डायपरमधेच ठिबकू देतो. एवढ्या मोठ्या पोराले ते जमत नाही. नव्या वाटेतून नळी टाकून पिशवी लावू. नाही तर आणखी एक नळी ओटीपोटातून काढू, म्हणजे टाके कोरडे राहतीन."

ओटीपोटातली नळी मी नाकारली. पोटावर व्रण राहिला असता आणि नातेवाइकांनी विचारलं असतं.

घरी सगळ्यांना मुतखड्याचं ऑपरेशन सांगितलं. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला न जाणं म्हणजे वैरच. घरी आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी मूर्तिजापूरहून माझी आत्या आणि तिचे यजमान टोपलीभर संत्री घेऊन हजर. पिशवी पलंगाखाली लोंबत होती. मी घाईघाईनं ती उचलून मुलाच्या कुशीशी ठेवली आणि वर चादर ओढली.

"खडा केवढा निंगाला रे?" आत्यानं विचारलं.

"हरबऱ्याएवढा," मी म्हणालो.

मग चहा, चिवडा, कुळथाच्या पाण्याचे गुण. मुलाचा चेहरा उतरत चालला.

"बाबा, लय दुखून राहिलं."

"थांब न जरासा."

मी सातवीला विज्ञान शिकवतो. पाणी आपोआप वर चढत नाही, हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो. पाहुणे गेल्यावर चादर काढली तर पिशवी कोरडी आणि पट्टी ओली. नळी दुमडली होती. लघवी टाक्यांमधून बाहेर आली होती.

तिथे छिद्र पडलं ते भरलंच नाही. सहा महिन्यांनी पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं. मग विचारलं, "पिशवी वर ठेवली होती काय कोणी?"

"मीच ठेवली होती," मुलगा म्हणाला.

"एवढा मोठा झाला, समजत नाही तुले?" डॉक्टर त्याच्यावर चांगलेच चिडले. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मी शेजारी उभा होतो, गप्प. त्या गप्प राहण्याची मला अजून लाज वाटते.

बाहेर आल्यावर तोच म्हणाला, "जाऊ द्या न बाबा. तुमाले बोलले असते ते."