कँटाब्रिजियन काकू

बाहेर कितीही अंग भाजून निघो, शेजारच्या काकूंच्या गळ्यात पट्ट्यापट्ट्यांचा लोकरी मफलर असायचाच. शारजाच्या उन्हात भाजी घेऊन येताना घामाने निथळायच्या, पण काढायच्या नाहीत. "आम्ही कँटाब्रिजियन," म्हणायच्या. इंग्लंडातल्या केंब्रिज गावात राहणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला लॅटिनवरून असं म्हणतात, हे त्यांचं बिल्डिंगभर सांगून झालं होतं.

मी चौथी शिकलेली. मला त्या आवडत नव्हत्या, पण त्याला कारण लॅटिन नव्हतं. माझी नात मुक्ता शाळेतून आली की दप्तर आमच्याकडे टाकून त्यांच्याकडे पळायची. तिला वाढवली मी. माझ्याशी बोलायची ती 'ओके' आणि 'लेटर, आजी' एवढंच. तिकडे मात्र दोघींचं हसणं भिंतीपलीकडून ऐकू यायचं, आणि इकडे माझी घावनं गार व्हायची.

गणपतीच्या जेवणाला सगळे जमले होते. मी मुद्दाम चारचौघांत विचारलं, तुम्ही तिथे काय शिकलात? उत्तर मला ठाऊक होतं. बाई जराही ओशाळल्या नाहीत.

"शिकले ते आमचे हे. मी दोन वर्षं पोळ्या लाटल्या. पण त्या गावात नुसतं राहिलं तरी नाव मिळतं, आजी."

मी म्हटलं, त्यात काय मोठंसं, आमच्यात गावाला 'कर' लावतात. मी गुहागरकर.

"मग इथे इतकी वर्षं राहून तुम्ही शारजाकर का नाही झालात?"

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मुक्ता हसली.

पुढे त्यांच्या यजमानांची नोकरी सुटली. नोकरी गेली की व्हिसा गेला, खलास. दोघं नाशिकला निघाली. निरोप घ्यायला आल्या तेव्हा दारातच म्हणाल्या, "सगळा संसार इथे झाला, पण शारजाकर मीही नाही झाले हो." मग मफलर काढून मुक्ताच्या गळ्यात घातला. मुक्ता हमसून हमसून रडली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तो मफलर तिने एसीत महिनाभर घातला. माझी मोहनमाळ कधी घातली नाही.

यंदा मुक्ताला केंब्रिजला प्रवेश मिळाला. पेढे घेऊन आली, पाया पडली. मी विचारलं, आधी कोणाला सांगितलंस?

"काकू फर्स्ट, ऑब्व्हियसली."

तेवढं इंग्रजी मला कळतं.