वीस मिनिटांनंतरचं पाणी

प्रयोगशाळेत सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. एकोणीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या प्रयोगांची द्रावणं मोजली, भांडी घासली, आकडे लिहिले. रिपोर्टात नाव कधी आलं नाही आणि त्यांनी मागितलंही नाही. त्या सोमवारी मात्र पिना मारायला दिलेल्या रिपोर्टाच्या सहा प्रतींमध्ये, बाराव्या पानावर, त्यांना स्वतःची आठवण काढलेली दिसली: 'दहा मिनिटांनंतरचे आकडे सहायकाच्या चुकीमुळे ग्राह्य धरलेले नाहीत.'

सहायक म्हणजे दुसरं कोण? त्या खोलीत कुत्रंसुद्धा नव्हतं.

काम होतं मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यातून तांबं काढायचं. केरोसीनमध्ये साबणासारखं एक द्रव्य आणि तांबं धरणारं दुसरं घालायचं, मग त्यात आम्ल ओतून जोरात घुसळायचं. दुधासारखं पांढरं मिश्रण होतं: आम्लाचे बारीक थेंब, त्यांच्याभोवती तेलाची पातळ साय. ते सांडपाण्यात हळूहळू ढवळलं की तांबं साय ओलांडून थेंबात शिरतं आणि अडकतं. पाच मिनिटांत शंभरातले सत्त्याण्णव भाग तांबं बाहेर! रिपोर्ट लिहिणारे, प्रयोगशाळेचे प्रमुख सर हरखून गेले होते. पण पुढे ढवळत राहिलं की थेंब सुजतात, फुटतात आणि धरलेलं तांबं परत पाण्यात सोडतात. वीस मिनिटांनी आकडा चौऱ्याहत्तरवर. बाईंनी सात वेळा करून पाहिलं, सात वेळा तेच.

आणि कारखान्याच्या टाकीत पाणी राहणार होतं अर्धा तास!

घरी त्यांनी लेकीला विचारलं, "माझाच हात तर चुकला नसेल ना गं?"

"आई, तू चहासुद्धा घड्याळ लावून करतेस. तुझा हात चुकायचा म्हणजे घड्याळानं राजीनामा द्यायला हवा," लेक म्हणाली. हसताहसता तिचा चेहरा बदलला. "पण त्यांनी असं लिहिलंच कसं? तुला विचारलं तरी?"

विचारलं नव्हतं. हेच तर बाईंना झोंबत होतं. आकडा नको होता तर नको म्हणायचं. दुसऱ्याच्या हातावर खापर कशाला?

दुसऱ्या दिवशी कारखान्याचे इंजिनियर प्रयोग बघायला आले. सरांनी पाच मिनिटं दाखवली, नमुना काढला, तांबं मोजायच्या यंत्रावर सत्त्याण्णव आला. "चला, चहा घेऊ," सर म्हणाले.

"सर, ढवळणं थांबवू नका," बाई म्हणाल्या. "आज तुम्हीच ढवळताय. वीस मिनिटं होऊ द्या. माझा हात लागणार नाही."

"बाई, पाहुण्यांसमोर हे काय?"

"बाराव्या पानावर जे आहे, तेच."

इंजिनियरनी हातातल्या रिपोर्टाचं पान उलटलं, वाचलं आणि खुर्ची ओढून बसले. सरांना चहा सुचेना. पंधरा मिनिटं खोलीत फक्त पात्याची घरघर. बाई हात मागे बांधून उभ्या होत्या. नमुना सरांनीच काढला, सरांनीच यंत्राला लावला.

शहात्तर. बाईंनी वहीतला आपला चौऱ्याहत्तरचा आकडा इंजिनियरपुढे धरला.

"दोन जास्त आहेत," इंजिनियर म्हणाले.

"ते सरांच्या हाताचे," बाई म्हणाल्या. "माझे असते तर चूक ठरले असते."

इंजिनियरना हसू आवरेना. मग ते गंभीर झाले. "अर्ध्या तासाची टाकी बांधली असती तर आमचंच तांबं आम्ही नाल्यात सोडलं असतं, सर. पाच मिनिटांत मिश्रण वेगळं करायची सोय हवी. हे आकडे मला सगळेच्या सगळे पाहिजेत."

"देतो ना. परिशिष्टात टाकू," सर पुटपुटले.

"आणि ती ओळ?" बाईंनी विचारलं.

"काढतो की. एवढं काय मनाला लावून घ्यायचं!"

बाईंची कानशिलं तापली. एकोणीस वर्षांचा हात एका ओळीत खोटा ठरवायचा, आणि वर मनाला लावून घेऊ नका! त्यांनी सहाही प्रती सरांसमोर मांडल्या, बारावं पान उघडून.

"सहा ठिकाणी आहे, सर. मी थांबते."

सरांनी पेन उघडलं.