आधी मला चुकू द्या

सराफ्यात कानातल्याची फिरकी बदलून घेत होते, तेव्हा घरून फोन आला. माझी मोठी जाऊ, सुमनवहिनी, चहाची वाट पाहत खुर्चीतच गेली... महिना उलटला. स्वयंपाक करताना अजून वाटतं, आता मागून काहीतरी बोलेल.

आमचं शहर हिंदी मुलखातलं; इथल्या सदर भागातल्या शाळेत तिने आयुष्यभर हिंदीतून जीवशास्त्र शिकवलं, पण घरात मराठीशिवाय बोलली नाही. दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला आणि वाचा गेली. पुढे हिंदी शब्द परतले, मराठी काही येईना. आम्ही शहाणे! तिला सोपं जावं म्हणून सगळे हिंदीत बोलू लागलो, ती अडखळली की शब्द पुरवू लागलो. एकदा तिने कप असा आपटला की बशी फुटली. आपल्याच घरात पाहुणी झाल्याचा तो संताप होता.

माझी मुलगी केतकी संगणकाला चित्रं ओळखायला शिकवते. तिला मराठी समजते, तोंडात मात्र हिंदीच येते. ती सुट्टीवर आली तेव्हा वहिनीने तिला समोर बसवलं. "तेरी मशीन... कैसे सीखती है?"

केतकीने समजावलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात, आणि जी वाट वापरात राहते ती पक्की होते. हे तर वहिनीनेच पोरांना शिकवलेलं. संगणकात जिवंत पेशी नसतात, एकमेकांना जोडलेले नुसते आकडे असतात. त्याला आंबा दाखवला की तो आधी अंदाज करतो, पेरू म्हणतो. मग बरोबर उत्तराशी ताडून, चुकीला कारण झालेले आकडे थोडे थोडे बदलतात. पुन्हा आंबा, पुन्हा अंदाज...

"पहले... गलती?" वहिनीने विचारलं.

"हां मोठी आई, पहले खुद जवाब देना पड़ता है।"

"उसको शरम नहीं आती. मुझे आती है." मग पदर सावरून म्हणाली, "आने दो."

त्या दिवसापासून तिच्या तोंडात शब्द घालायला बंदी झाली. आधी ती बोलणार, चुकणार, मग आम्ही सांगायचं. माझ्यासारख्या उतावळीला ही शिक्षाच. ती दुधाला पाणी म्हणायची, मला सासूबाई म्हणायची; यात चूक किती आणि खोडी किती, देव जाणे. मशीन थकत नाही, ती थकायची. रडायची, तोंड पुसून पुन्हा सुरू करायची. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, उरलेल्या पेशींनाच ते काम शिकावं लागतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि एका दुपारी ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, "वरणात मीठ नाही. काहून विसरून राहिली तू?"

अख्खं वाक्य! जन्मभर तिच्या टोमण्यांनी जळले, त्या दिवशी मात्र ढसाढसा रडले. मीठ होतं खरं तर.

गेल्या रविवारी सिहोऱ्याच्या आत्या भेटायला आल्या. केतकीही घरी होती. वहिनीचा विषय निघाला तशी ती म्हणाली, "मोठ्या आईचे हात खूप..." आणि अडली.

"हिंदी में बोल दे, बेटा," आत्या म्हणाल्या.

केतकीने मान हलवली. मी आत्यांचा हात दाबला. आम्ही थांबलो.

"...खूप गरम होते."

"उबदार," मी म्हटलं.

तिने डोळे पुसले आणि पहिल्यापासून म्हणाली, "मोठ्या आईचे हात खूप उबदार होते."