जोडीतलं एक झाड

आमच्या तहसील कचेरीत फायली वर्षानुवर्षं हलत नसत, त्यामुळे बोलायला वेळ भरपूर. किस्से साचत गेले ते असे. त्यातले निम्मे पेशकार दत्तोपंतांच्या पेकनच्या झाडाचे. ते आठवले की आधी हसू येतं, मग ओसरतं.

*

पेकन म्हणजे अमेरिकेतला अक्रोडासारखा मेवा. बदली झालेल्या एका गोऱ्या इंजिनिअरनं पंतांना त्याची दोन जातींची दोन रोपं दिली. "दोनों पास पास लगाना," एवढं बजावून साहेब गेला. जुन्या जालन्यात पंतांचं परस ते केवढं, एका झाडापुरतं! त्यांनी दोन्हींतलं जाडजूड रोप निवडलं. दुसरं आमचे चपराशी रसूलभाई आपल्या गावी, केदारखेड्याला घेऊन गेले.

"एक वाळलं तर दुसरं असावं, म्हणून सांगितलं असेल," पंत म्हणाले. आम्हा सगळ्यांना ते पटलं.

*

उन्हाळ्यात आडाचं पाणी आटलं की पंत झाडाच्या आळ्यात उभं राहून अंघोळ करत. एका सकाळी तहसीलदारसाहेब अचानक परसात आले.

"पंत, पाणी कुणाला घालून राह्यले?"

"दोघांनाबी, साहेब."

*

पंतांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, मेव्यासाठी पितळी डबा घासून ठेवला होता. नवव्या वर्षी झाडाला तुरे आले आणि गळून गेले. पुढची दोन वर्षंही तेच. बाराव्या वर्षी काकूंनी डब्यात मिरच्या भरल्या.

*

न फळणाऱ्या झाडाला भीती घालतात. एकानं कुऱ्हाड उगारायची, दुसऱ्यानं झाडासाठी गयावया करायची. पेन्शनीत निघालेले रसूलभाई गयावया करायला मुद्दाम गावाहून आले. पण पंतांचा हात काही उठेना.

"उगारा की, पंत."

"खरंच वाटंल हो त्याला."

"माझ्या झाडालाबी काई न्हाई. बिलकुल न्हाई," रसूलभाई म्हणाले. त्या दिवशी दोघं बराच वेळ आळ्याच्या कडेला बसून होते.

*

पुढल्या वर्षी शेतकी खात्यातला एक जण पंतांकडे चहाला आला. तुरे बघून म्हणाला, "याच्या जोडीचं झाड कुठंय? दुसऱ्या जातीचं जवळ असल्याशिवाय हे फळत नाही. त्याची फांदी आणून यावर कलम केली तरी भागेल."

लगेच रजा टाकून, मला सोबत घेऊन पंत बैलगाडीनं केदारखेड्याला निघाले.

रसूलभाई दारातच भेटले. हातात तेल लावून गुळगुळीत केलेली काठी होती.

"तुमच्याकडंच निघाल्तो, पंत. फळ तर न्हाई दिलं झाडानं. मंग म्हटलं, बुडापासून तोडून तुमच्यासाठी काठी तरी करावी."

पंतांनी काठी दोन्ही हातांत घेतली.

"बराबर माझ्या मापाची झाली," ते म्हणाले.

घरी उतरल्यावर त्यांनी ती काठी झाडाच्या आळ्यात रोवली आणि तांब्याभर पाणी घातलं.