साहेबाच्या गावातली विहीर

अकरा वर्षं मी लीड्समध्ये एका मेलेल्या साहेबाची कबर घासली. महिन्यातला एक रविवार, बादली, ब्रश आणि गुडघ्यांखाली जुनी उशी. आठवडाभर हॉस्पिटलमध्ये उभं राहून पायांचे तुकडे पडलेले असायचे, तरी चुकवलं नाही. बाबांनी सांगितलं होतं ना.

हा मूळचा लीड्सचा साहेब इंग्रजी अमलात पलटण घेऊन आमच्या मुलखात आला आणि माळावर त्यानं गाव वसवलं. माझे खापरपणजोबा त्याच्या पलटणीत शिपाई. आसपासच्या गावांत आम्हा महारांना विहिरीजवळ फिरकू देत नसत. साहेबानं मात्र आपल्या गावात सगळ्यांसाठी एकच विहीर खोदली, असं बाबा सांगायचे. लहानपणी ही गोष्ट ऐकल्याशिवाय मी जेवत नसे.

यंदा चर्चच्या हॉलमध्ये साहेबावर प्रदर्शन भरलं. कबरींची देखभाल करणाऱ्या आमच्या ग्रुपच्या बाईंनी ओपनिंगला मला विहिरीची गोष्ट सांगायला सांगितलं. मी हुरळले. आदल्या दिवशी मांडामांडीला गेले, तर भिंतीवर साहेबानं स्वतः काढलेला गावाचा नकाशा. त्यावर दोन विहिरी. एक चौकात. दुसरी कत्तलखान्याच्या पलीकडे, नाल्याला लागून, आणि तिच्याशेजारी त्याच्या वळणदार अक्षरात आमची जात.

मेल्यानं केसानं गळा कापला होता. मी फोटो पाठवून बाबांना फोन लावला.

"बाबा, फोटो बघितलात? दोन विहिरी आहेत! तुमचा साहेब टोटल फ्रॉड निघाला."

बाबा म्हणाले, "ओरिजिनल नकाशा आमच्या नगरपालिकेत आहे, पोरी. रेकॉर्ड रूमची किल्ली तीस वर्षं माझ्याकडेच होती."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग मला का नाही सांगितलंत?"

"दुसऱ्या विहिरीची गोष्ट ऐकून तू जेवली असतीस?"

मी फोन ठेवला. साहेब काय, परकाच. त्याचा राग करता येतो. पण बाबांनी? दर महिन्याला विचारायचे, "फुलं वाहिलीस ना?" आणि मी दुखरे गुडघे चोळत हो म्हणायचे. इतकी फसवणूक मला परक्या देशात कुणी केली नव्हती.

ओपनिंगला मी ती गोष्ट सांगितली नाही. दुसऱ्या विहिरीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हे आमचं पाणी." हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. बाईंनी घाईघाईनं चहा आणायला सांगितलं.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. फुलांचं त्यांनी विचारलं नाही.

"जेवलीस का?"

सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता.

"हो, बाबा," मी म्हणाले.