आमच्या आक्का आणि माझी पिशवी

माझं गर्भाशय आज माझ्या पोटात आहे, ते आमच्या आक्कांमुळे.

काल सकाळी आक्का गेल्या. माझ्या थोरल्या जाऊबाई.

हे फेसबुकवर लिहायचं का, असा विचार आला होता. आक्का म्हणाल्या असत्या, लिही की गं, चोरी केलीस का?

मी मुखेडची. लग्न करून अहमदपूरला आले. मुलगा चालायला लागला होता तेव्हाची गोष्ट. अंघोळ करताना खाली हाताला काहीतरी मऊ, बाहेर आलेलं लागलं. एका बाजूला जास्तच.

आमच्याकडे बायका हळू आवाजात म्हणतात, ‘अंग बाहेर आलं’. म्हणजे गर्भाशय खाली सरकलं. मला वाटलं, माझंही आलं.

बी.कॉम. झालेली बाई मी, एका लेकराची आई. पण खाली काय काय असतं, याचा पत्ता नाही. साबण लावायचा आणि लवकर पाणी ओतायचं, एवढंच ठाऊक.

सासूबाईंना सांगितलं. त्या काळजीपोटीच म्हणाल्या, एक लेकरू झालंय, गर्भाची पिशवी काढून टाकू, पुढची कटकट नको. गल्लीत बऱ्याच जणींनी काढलेलीच होती. ओळखीच्या दवाखान्यात जायचा वारही ठरला.

आदल्या दुपारी आक्कांनी मला खोलीत नेलं, कडी लावली आणि हातात छोटा आरसा दिला.

“कवा बघितलंस का स्वतःला?”

मी लाजून अर्धमेली.

“तिथून पोरगं जन्माला घातलंस, अन् बघायला लाजून राहिलीस?”

बघितलं. शेजारी बसून त्या एकेक सांगत गेल्या. हे बाहेरचे ओठ, हे आतले. आतले कुणाचे लांब, कुणाचे आखूड, दोन्ही सारखे असतीलच असं नाही. लघवीची जागा वर, बारीक, वेगळी. तिच्याखाली योनी, पाळी तिथून येते. गर्भाशय पार आत.

सगळ्यात वरच्या दाण्याशी आल्यावर मात्र त्याच लाजल्या. म्हणाल्या, हे निव्वळ आपल्या सुखासाठी हाय, दुसरं काही कामच न्हाई त्याला. आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसलो.

माझं ‘बाहेर आलेलं अंग’ म्हणजे माझा आतला ओठ होता. पहिल्यापासूनचा.

तुम्हाला हे सगळं कसं माहीत, मी विचारलं. त्यांचं हसू गेलं.

“माझी पिशवी काढली तवा कुणी सांगितलं न्हाई, ती कशाला असती. नंतर लातूरच्या डॉक्टरीणबाईकडून चित्र काढून घेऊन समजून घेतलं. दोन्ही पोरंच झाली मला. लेक पायजे होती गं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासून त्या म्हणाल्या, सगळं नॉर्मल आहे. घरी आल्यावर आक्का सासूबाईंना काय बोलल्या कोण जाणे, विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे मला मुलगी झाली. आक्कांनी तिला मांडीवरून खाली ठेवलं असेल तर शपथ. तिची पहिली पाळी, तिचे नाही नाही ते प्रश्न, सगळं आक्कांकडे. मी आपली नावाला आई.

काल आक्कांना शेवटची अंघोळ घालायच्या वेळी नात्यातली एक म्हातारी म्हणाली, पहिला तांब्या लेकीच्या हातचा लागतो, हिला तर लेक न्हाई.

माझी पोरगी उठली. ओढणी कमरेला खोचली.

“मी हाय की,” म्हणाली, आणि तांब्या भरून घेतला.

आक्का, सावकाश जा.
आम्हा लिंगायतांचा शेवटचा नमस्कार तुम्हाला, शरणु शरणार्थी.