भांडत गेलात तरी चालेल

आमच्या साडूंइतका आवाज करत जगणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि त्यांच्याइतका निरुपद्रवी माणूसही नसेल. ते बैठकीतून स्वयंपाकघरात जाताना खोकतात. जिन्याच्या वळणावर टाळी वाजवतात. कोपरा आला, मग तो गल्लीचा असो नाहीतर कपाटाचा, की "आलो हो, मी आलो!" अशी वर्दी दिल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नाही. एकदा अहमदपूरला नात्यातल्या लग्नात त्यांनी वधूपक्षाच्या खोलीबाहेर अशी काही आरोळी ठोकली, की वरात आली समजून आतल्या बायका ओवाळायचं ताट घेऊनच बाहेर आल्या, आणि फक्त पाणी मागायला आलेल्या आमच्या साडूंना निमूटपणे ओवाळून घ्यावं लागलं. आमच्या सासूबाई याला खूळ म्हणतात. पण ते खूळ नाही, तो त्यांचा पेशा आहे. साडू अस्वलं आणि माणसं यांच्यातली भांडणं सोडवतात. राहायला नांदेडला, पण किनवटच्या जंगलाकडे कुठे अस्वलाने माणसावर हल्ला केला की वनखात्याचे लोक यांना बोलावून घेतात. अस्वलाला दिसतं कमी, खाण्यात गुंग असलं की ऐकूही येत नाही, आणि माणूस एकदम समोर उभा राहिला की ते घाबरून अंगावर येतं. म्हणून माणसाने आपण येतोय हे आधी कळवावं, इतकं साधं त्यांचं शास्त्र आहे. फक्त ते शास्त्र त्यांनी अस्वलांपुरतं न ठेवता सासुरवाडीलाही लागू केलं आहे.

माझ्या मेहुणीला हे स्थळ आलं तेव्हा उदगीरच्या मामांनी बैठकीत सगळ्यांदेखत विचारलं होतं, "म्हंजे अस्वलाचा खेळ करून पोट भरतो का पोरगा?" त्यावर साडू अजिबात न रागावता म्हणाले, "न्हाई मामा, खेळ होऊ नये म्हणून पगार मिळतो." मामांना ते काही कळलं नाही, पण पगार हा शब्द ऐकू आला आणि लग्न ठरलं. लग्नानंतर हळूहळू एकेक गोष्ट उघड व्हायला लागली. हा माणूस कधीच पळत नाही, ही त्यातली पहिली. पळणाऱ्याच्या मागे अस्वल लागतं म्हणे. आता निलंग्याच्या स्टँडवर अस्वल कुठून येणार? पण एसटी लागली, लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला धावले, की आमचे साडू जागच्या जागी शांत उभे राहतात आणि मग सावकाश मागे सरकतात. परिणामी निलंगा ते लातूर हा प्रवास त्यांनी आजवर बसून असा केलेलाच नाही. मध ते खात नाहीत. "ते त्यांचं हाय, आपण कशाला," म्हणतात, आणि ‘त्यांचं’ म्हणजे कुणाचं हे घरात आता कुणी विचारत नाही. माझं लातूरला भांड्यांचं दुकान आहे. तिथून त्यांनी एकदा घट्ट झाकणाचे चांगले डबे निवडून नेले. पुढे नांदेडला गेल्यावर माझ्या बायकोने त्यातला एक चिंच आहे समजून उघडला. ती अस्वलाची विष्ठा होती, बोराच्या बियांसकट. साडू कौतुकाने म्हणाले, "बघा वैनी, बोरं किती आवडीनं खाल्ली बाईनं!" माझ्या बायकोने त्या घरात पुढची दोन वर्षं कुठल्याही डब्याला हात लावला नाही.

पण या माणसाची खरी करामत मी एकदाच पाहिली, आणि तीही योगायोगाने. एका रुखवताची भांडी पोचवायला मी नांदेडला गेलो होतो. परतायच्या बेतात असताना साडूंना फोन आला, आणि "चला साडूभाऊ, इतक्यात लातुरात जाऊन काय करणार," म्हणून त्यांनी मला सरळ जीपमध्ये घातलं. किनवटच्या पलीकडे जंगलाला लागून एक लहानसं गाव होतं. मोहाची फुलं पडायचे दिवस होते, आणि ती अस्वलांनाही फार आवडतात. फुलं वेचायला गेलेल्या एका बाईवर अस्वलीने हल्ला केला होता. अस्वलीच्या पाठीवर पिल्लू होतं, त्यामुळे ती जास्तच बिथरली. बाई वाचली, पण एक डोळा गेला. सगळा गाव पारावर जमला होता. सरपंच म्हणाले, "पिंजरा आणा सायेब, न्हाईतर आमचं आम्ही बघतो." आमचं आम्ही बघतो म्हणजे तारेत करंट सोडतो, हे साडूंनी मला हळूच सांगितलं. आणि पिंजरा लावला तर आई आत जाते, पिल्लू बाहेर राहतं आणि मरतं. हे सांगताना त्यांचा चेहरा असा उतरला होता की मला काही थट्टा सुचेना.

मला वाटलं, आता हे जंगलात जाऊन माग काढतील. हे जाऊन बसले त्या बाईच्या चुलीपाशी. ती घरातली थोरली जाऊ. दवाखान्यातून नुकतीच घरी आलेली, अर्ध्या चेहऱ्यावर पदर ओढून बसली होती, पण आवाज ठणठणीत होता. तिथून उठले ते धाकट्या जावेच्या चुलीपाशी. दोन्हीकडे चहा झाला, आणि हळूहळू सगळा प्रकार बाहेर आला. भावांच्या वाटण्या झाल्या, शेत दोघांत निम्मं झालं, पण मोहाचं झाड नेमकं बांधावर राहिलं. ते कुणाचं हे ठरलंच नाही. मग जी आधी जाईल तिची फुलं. धाकटी उजाडायला गेली की दुसऱ्या दिवशी थोरली त्याच्या आधी जायची, मग धाकटी त्याच्याही आधी. असं करत करत दोघी पार अंधारात जायला लागल्या. आणि एकीची चाहूल दुसरीला लागू नये म्हणून बांगड्यांवर पदर गुंडाळून, श्वास धरून, मांजराच्या पावलांनी! ज्या जंगलात माणसाने गोंगाट करत जावं, तिथे या दोघी मुक्याने जात होत्या. त्या दिवशी थोरली खाली वाकली ती अस्वलीच्या पुढ्यातच. पाठोपाठ आलेल्या धाकटीने आरडाओरडा करत टोपली आपटली, म्हणून अस्वली पळाली.

"म्हंजे जावंनंच वाचवलं की तुम्हाला," साडू म्हणाले.

"वाचवलं म्हणता," थोरली उसळली, "पण ती त्या टायमाला तिथं काय करून राहिली होती ते इचारा की तिला!"

दोघी वाटणीपासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. साडूंनी आधी पाळी लावून बघितली, एक दिवस हिचा, एक दिवस तिचा. तर "माझ्या पाळीला फुलं कमी पडली तर?" असं दोघी दोन घरांतून एकदमच ओरडल्या. फुलं निम्मी करा म्हटलं, तर निम्मी करणार कोण यावर दिवस मावळला. मग साडूंनी दोघींना पारावर बोलावलं आणि सगळ्या गावासमोर हात जोडून म्हणाले, "वैनी, झाड कुणाचं ते मला कळत न्हाई, आणि तो माझा इषय बी न्हाई. माझं एकच म्हणणं हाय. ऊन पडल्यावर जा, दोघी मिळून जा, आणि तोंड बंद ठेवू नका. गोड बोलता येत नसंल तर भांडत जा. भांडत गेलात तरी चालेल. मोठ्यानं भांडा. तिला नुसतं ऐकू आलं पाहिजे."

पारावर असा हशा पिकला की सरपंचांचा पिंजराही त्यात वाहून गेला. एक हंगाम थांबू, असं ठरलं. "कुणाला काही झालं तर जबाबदारी माझी," साडू म्हणाले. ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. फुलं संपेपर्यंत ते त्या गावातून हलले नाहीत. आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीलाही आले नाहीत, म्हणून माझी बायको त्यांच्यावर कितीतरी दिवस रुसली होती. फोनवर त्यांचा आवाज ऐकला की कळायचं, या माणसाला झोप नाही. एका बाईचा जीव आणि एका अस्वलीचा जीव, दोन्ही त्यांनी स्वतःच्या गळ्यात बांधून घेतले होते.

त्या हंगामात काही झालं नाही, पुढच्यातही नाही. यंदा मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेलो. उन्हं वर आली होती आणि दोघी जावा बऱ्याच लांबून ऐकू येत होत्या. सासूला शेवटी कुणी सांभाळलं, नथ कुणी लपवली, सगळं बाहेर निघत होतं. झाडाखाली आल्या आणि भांडता भांडताच दोघींनी एकाच टोपलीत फुलं टाकायला सुरुवात केली. मी साडूंकडे बघितलं. ते लेकीचं गाणं ऐकावं तसे ऐकत होते. आम्हाला बघून थोरली कमरेवर हात ठेवून उभी राहिली. डोळ्याच्या जागेवरून गालापर्यंत व्रण उतरला होता, तो ती आता झाकत नव्हती.

"त्या अस्वलीचं पिल्लू हाय का वो तिच्यासंगं अजून?" तिने विचारलं.

"न्हाई वैनी. मोठं झालं. गेलं आपल्या वाटेनं."

"मंग एकटीच हिंडून राहिली असंल बिचारी," थोरली म्हणाली, आणि धाकटीही क्षणभर फुलं वेचायची थांबली.

आम्ही परत निघालो. जीपपाशी आल्यावर साडू म्हणाले, "अस्वली आता म्हातारी झाली, साडूभाऊ. अजून एखादा हंगाम काढील."

"मग दुसरं एखादं येईल की," मी म्हणालो.

"येईल हो. पण हिनं या दोघींना बोलतं केलं. दुसऱ्याला जमंल का ते?"

ते हिने नाही, तुम्ही केलंत, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण साडू जंगलाकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे डोळे भरले होते, म्हणून मी आधी खोकलो आणि मगच त्यांच्याजवळ गेलो.